सासूबाईंनी पाळलेली शपथ

पेल्यावर चमचा वाजला. दोनदा.

मी पिठाचे हात तसेच घेऊन उठले. सासूबाईंना पाणी हवं होतं. त्या प्यायल्या, डोक्याच्या रुमालाच्या टोकानं ओठ पुसले, छातीवर क्रूसाची खूण केली आणि माझ्याकडे बघून मान हलवली. पूर्वी घोटभर पाणी दिलं तरी म्हणायच्या, फाना, पाण्यासारखी वाहती राहा गं बाई. आता नुसती मान. त्यांच्या पायाशी माझी वेलिका लाल मिरच्यांची रांग लावत बसली होती. तिनं वर पाहिलं, आजीच्या ओठांकडे. ओठ हलले नाहीत तशी ती पुन्हा मिरच्यांकडे वळली. चार वर्षांचं पोर, बडबडून घर डोक्यावर घेणारं. आणि त्या दुपारी घर इतकं गप्प होतं की चुलीतलं लाकूड सरकलं तरी दचकायला होई.

हे सुरू झालं शाळेच्या अंगणातल्या त्या रविवारी.

उन्हाळा संपत आला होता. जिल्ह्याच्या गावाहून, फ्लोरिनाहून, साहेबांच्या मोटारी येणार म्हणून सरपंचांनी सगळं गाव झाडून घेतलं होतं. घरोघरी निरोप गेला होता, प्रत्येकानं यायचं, म्हाताऱ्याकोताऱ्यांनीसुद्धा, चांगले कपडे घालून. शाळेच्या दारावर ग्रीसचं निळंपांढरं निशाण, टेबलावर क्रूस आणि बायबलातल्या शुभवार्तेची पोथी, मागच्या खुर्च्यांवर साहेब, बाजूला फौजदार, आणि आमचे पाद्री प्रोद्रोमोस घाम पुसत उभे. एका साहेबानं भाषण केलं. आम्ही किती थोर देशभक्त आहोत ते आम्हाला त्या दिवशी समजलं. मग सगळ्यांना उजवा हात वर करायला लावला. तो एकेक तुकडा म्हणत गेला आणि आम्ही त्याच्यामागून. देवासमोर, माणसांसमोर, सरकारसमोर वचन देतो की ही स्लाव बोली आजपासून तोंडात येऊ देणार नाही. जिच्यात शुभवार्ता लिहिली गेली ती देशाची भाषा, ग्रीक, तीच सगळीकडे बोलू.

सासूबाईंना ग्रीकचा गंध नव्हता. त्यांचं शाळेचं वय होतं तेव्हा इथे सुलतानाचं राज्य होतं, आणि आमच्या मुलींसाठी शाळा काढावी असं तेव्हा कुणाच्याच मनात नव्हतं. मग एकामागून एक सैन्यं आली आणि गेली. जो येई तो विचारी, तुम्ही कोण? गाव त्याला आवडेल ते उत्तर द्यायला शिकलं. पुढे गावाचं नाव बदललं, आमचीही बदलली. कागदावर सासूबाई थिओदोसिया, मी थिओफानिया, माझा नवरा अथानासिओस. घरात आम्ही दोस्ता, फाना, ताने. सासूबाईंच्या तोंडातली बोली मात्र कुणाला बदलता आली नव्हती, कारण तिच्या जागी ठेवायला त्यांच्याकडे दुसरी नव्हतीच.

चर्चमुळे देव आणि शुभवार्ता एवढे दोन ग्रीक शब्द त्या ओळखत. साहेबाच्या तोंडून ते ऐकले आणि त्यांना वाटलं, ही प्रार्थना चाललीय. आजूबाजूच्या बायका नुसते ओठ हलवत होत्या, आमची शेजारीण सुल्ता तर उघड जांभया देत होती, आणि सासूबाई खणखणीत आवाजात, उलटसुलट उच्चार करत, प्रत्येक तुकड्याच्या शेवटी क्रूसाची खूण करत म्हणत होत्या. साहेबानं फौजदाराला बोटानं दाखवलं, ती म्हातारी बघा कशी मनापासून म्हणतेय. नंतर गुलाबाच्या वासाची मिठाई वाटली. आपला तुकडा त्यांनी वेलिकासाठी रुमालात बांधून आणला.

घरी आल्यावर त्यांनी तानेला विचारलं, आज कुठल्या संताची प्रार्थना होती? ताने बूट काढत होता. सकाळपासून गिळलेला राग त्याच्या गळ्याशी आला होता. तो हसला, पण हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"प्रार्थना कसली, आई? देवाच्या नावानं शपथ घेतलीस तू. आपली बोली पुन्हा बोलणार नाही म्हणून."

त्यांनी विचारलं, मी हात वर केला होता का? केला होतास, तो म्हणाला. पोथीसमोर? पोथीसमोर. वर हेही म्हणाला की सगळ्यांत मोठ्यानं तूच म्हणालीस, साहेब खूश झाले.

त्यांनी रुमालाची गाठ सोडली, मिठाई वेलिकाच्या हातावर ठेवली.

"देवाला दिला तो शब्द दिला," त्या म्हणाल्या.

त्यानंतर त्या बोलल्या नाहीत.

बाकीच्या गावानं ती शपथ कशी पाळली तेही सांगायला हवं, नाहीतर सासूबाई वेड्या वाटतील. रस्त्यावर, दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर सगळे ग्रीक बोलू लागले, ज्याला जेवढी येई तेवढी. त्यामुळे बहुतेकांचं बोलणं हवापाण्यापुढे जात नसे. घरात शिरलं की खिडकी लोटायची, आवाज खाली आणायचा आणि जे बोलायचं ते बोलायचं. सुल्ता तर अंगणातही बोले. एकदा फौजदारानं तिला हटकलं तर म्हणाली, मी गाढवाशी बोलतेय साहेब, गाढवानं कुठे शपथ घेतलीय? फौजदार आपली मिशी चावत पुढे गेला. त्याला हसू आवरत नव्हतं म्हणून ती वाचली.

सासूबाईंसमोर बसून तिनं त्यांनाही छेडून पाहिलं. "दोस्ताकाकू, जगातल्या सासवा बोलून बोलून सुनेचा जीव घेतात. तुम्ही न बोलता घेताय, तेवढाच फरक. आणि गप्प राहायची शपथ घ्यायचीच होती तर सरकारनं नवऱ्यांकडून घ्यायची, पुण्य तरी लागलं असतं." सासूबाईंच्या डोळ्यांत हसू उमटलं. ओठ मिटलेलेच राहिले.

जबरदस्तीची शपथ लागत नाही, ताने पुन्हा पुन्हा म्हणे. पण त्यांचं मन कुठे अडकलं होतं ते मला ठाऊक होतं. माझा थोरला दीर पांदो यादवी युद्धाच्या शेवटी हरलेल्या बंडखोरांबरोबर सरहद्दीचा डोंगर ओलांडून पलीकडे गेला, तो गेलाच. तेव्हा सासूबाईंनी देवाला शब्द दिला होता की पोर जगलं तर बुधवारी आणि शुक्रवारी तेलाचा थेंबही तोंडात घालणार नाही. आजारात नाही, बाळंतपणाच्या जेवणात नाही, कधी मोडला नाही. मग कुणीकुणी सांगावा आणला, पांदो जिवंत आहे, पार ताश्कंदला कारखान्यात आहे. तेव्हापासून त्यांच्या लेखी पांदोचा श्वास त्यांनी पाळलेल्या शब्दावर चालला होता. एक शब्द मोडला आणि तिकडे काही झालं तर?

म्हणून त्या गप्प होत्या. आणि त्यांच्यामागून वेलिका गप्प झाली.

ती आजीच्या कुशीत वाढली होती. मी दिवसभर तंबाखूच्या शेतात नाहीतर लाकडं आणायला रानात. तिची बोली ही आजीची बोली, इतकी की तिच्या तोंडचे काही जुने शब्द ऐकून मलाच हसू येई. दिवेलागणीला दोघी एका गोधडीत शिरत आणि गोष्ट चाले. सगळा उन्हाळा एकच गोष्ट होती. गावावर रुसून पळून गेलेल्या झऱ्याला परत आणायला एक मुलगी निघते. सासूबाई ती जपून जपून सांगत, रोज थोडी. शपथेच्या आदल्या दिवशी ती मुलगी वाऱ्यांच्या आईच्या घराशी पोचली होती आणि तिनं कडी वाजवली होती.

त्या रविवारी वेलिका गोधडीत शिरून म्हणाली, आजी, कुणी दार उघडलं? आजीनं तिला थोपटलं. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा विचारलं. मग एकदा ती रडली, आजीचे ओठ आपल्या इवल्या बोटांनी उघडू लागली, आणि सासूबाईंनी ती बोटं धरून त्यांचे मुके घेतले. त्यानंतर तिनं विचारणं सोडून दिलं. मग हळूहळू बाकीचंही सोडलं. भूक लागली की ताटली पुढे करी. पडली तर गुडघा दाखवी. मी गुदगुल्या केल्या, अक्रोड देऊ केले, रागावले. ती हसे तेही आवाज न करता, आजीसारखी.

मी ती गोष्ट स्वतः पुढे न्यायला गेले. मी डोंगराच्या दुसऱ्या अंगाची, आमच्या गावाला ही गोष्ट नव्हती. मी दार उघडलं, वाऱ्यांच्या आईला बाहेर आणलं, तिच्या हातात कंदील दिला. वेलिकानं नकारार्थी मान हलवली. तसं नाही. तसं नाही हे मलाही कळत होतं, पण कसं ते मला कुणी सांगितलं होतं?

मिरच्या भाजायचे दिवस आले आणि गावात बालवाडी उघडली. आमच्यासारख्या गावांतून त्या मुद्दाम उघडत होत्या, पोरांच्या कानावर आजीच्या आधी बाईंचे शब्द पडावेत म्हणून. बाई होत्या एरास्मिया, ख्योस बेटावरच्या, वयानं माझ्याहून लहान. वाईट नव्हत्या, हे मी आजही म्हणेन. थंडीची त्यांना सवय नव्हती, दोन दोन शाली गुंडाळून शिकवत. मुलांना दूध देत, नाकं पुसत. वेलिकाला त्या वासिलिकी म्हणत, कारण कागदावर तेच होतं, आणि वेलिका त्या नावाला उठून उभीही राही. पण महिना उलटला तरी तिच्या तोंडून अक्षर फुटलं नाही तेव्हा त्यांनी मला बोलावून घेतलं. विचारलं, हिला ऐकू येतं ना? मी म्हटलं, येतं. मग घरी बोलते का?

घरी बोलते म्हणावं तर पुढचा प्रश्न येणार, कुठल्या भाषेत? मी म्हटलं, लाजते.

बाईंनी आवाज उतरवला. नाताळाआधी निरीक्षक येणार आहेत, त्या म्हणाल्या. न बोलणारं मूल दिसलं तर ते दूर सालोनिका शहरातल्या संस्थेत पाठवतात, तिथे तसल्या मुलांची शाळा आहे, डॉक्टर आहेत, खाणं कपडे सगळं सरकारचं.

"आणि परत कधी येतात?" मी विचारलं.

बाई शालीचे गोंडे ओढत राहिल्या. "शिकली की," त्या म्हणाल्या.

आमच्या गावातून मुलं नेली जाणं काय असतं ते आम्हाला कुणी सांगायला नको. यादवी युद्धात सरकार आणि बंडखोर, दोन्ही बाजूंनी नेली होती, प्रत्येकानं वाचवायला म्हणून. डोंगरापलीकडे गेलेली तिकडच्या भाषांत मोठी झाली, इकडच्या वसतिगृहांत गेलेली इकडच्या. सुल्ताचा भाचा परत आला तेव्हा त्यानं आपल्या आईला ग्रीकमध्ये विचारलं होतं, बाई, थिओदोरा कुठे राहतात? ती थिओदोरा त्याच्यासमोरच उभी होती.

तानेला सांगितलं तर तो म्हणाला, ऑस्ट्रेलियाला जाऊ. कशालाही तो ऑस्ट्रेलियाला जाऊ म्हणतो, गाय आटली तरी. मग भिंतीकडे तोंड करून बसला. त्याचे खांदे हलत होते, म्हणून मी पुढे काही बोलले नाही.

मी सासूबाईंचे पाय धरले. सगळं सांगितलं, निरीक्षक, संस्था, सालोनिका. म्हटलं, आई, गोष्टीचं एक वाक्य सांगा, ती तोंड उघडेल, मग आपण तिला हळूहळू ग्रीककडे वळवू. एक वाक्य. त्यांनी माझा चेहरा दोन्ही तळहातांत धरला. त्यांचे गाल ओले झाले. मग त्यांनी खिडकीकडे बोट केलं, डोंगराकडे.

तेव्हा माझा तोल गेला. "लेकाला जगवायला नात घालवणार का तुम्ही?"

त्यांनी डोळे मिटून घेतले. मी बाहेर जाऊन मिरच्यांच्या शेकोटीपाशी उभी राहिले आणि धूर लागला म्हणून डोळे चोळते आहे असं दाखवत राहिले, जरी बघायला कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मिरच्या सोलताना मला वाटलं, बोली बोलायची नाही एवढीच शपथ आहे, मग ग्रीक तर बोलता येईल. मी सासूबाईंना शिकवायला बसले. पाणी म्हणजे नेरो. म्हणा, नेरो. त्या माझ्या ओठांकडे बघत राहिल्या, वेलिका त्यांच्या ओठांकडे बघते तशा. सत्तरीच्या बाईला पाणी मागायला शिकवताना मला माझीच लाज वाटत होती. दोन दिवस त्या तो शब्द मनातल्या मनात घोळवत असाव्यात. तिसऱ्या दिवशी त्यांनी पेला भरला, वेलिकाला खुणेनं जवळ बोलावलं, घसा खाकरला.

"नेरो," त्या म्हणाल्या.

इतक्या दिवसांनी आजीचा आवाज! वेलिका उडी मारून उठली. तिचा सगळा चेहरा उजळला. आणि माझ्या डोळ्यांदेखत तो पुन्हा विझला. आवाज आजीचा होता आणि आत शब्द बाईंचा. तिनं पेला हळूच खाली ठेवला आणि पेटीमागे जाऊन बसली. सासूबाईंनी तो शब्द पुन्हा उच्चारला नाही. पेला त्यांनी स्वतः पिऊन टाकला.

आता एकच माणूस उरला होता. मी पाद्री प्रोद्रोमोसांकडे गेले. ते चर्चमागे वाफ्यातला कांदा निवडत होते. मी म्हटलं, बाबा, माझ्या सासूला त्या शपथेतून मोकळी करा.

त्यांनी आधी आजूबाजूला पाहिलं. मग म्हणाले, शपथ मी दिलेली नाही, मला तिथे उभं केलं होतं. मी म्हटलं, देवाचं नाव तर त्यात होतं ना? ते हाताची माती झाडत राहिले. नंतर त्यांनी जे सांगितलं ते कुणाला सांगू नकोस म्हणाले होते, पण ते आता नाहीत. ते लहानपणी काळ्या समुद्राच्या तिकडून निर्वासित म्हणून आले. त्यांची आई ख्रिस्ताची एवढी भक्त, पण तिला येई फक्त तुर्की. तिकडे तिला ग्रीक म्हणून हाकललं आणि इकडे बाजारात तुर्कीण म्हणून तिच्या अंगावर थुंकले. मरताना तिनं पापं सांगितली ती तुर्कीत, आणि ऐकणाऱ्या पाद्र्याला त्यातलं काही कळलं नाही.

"त्यानं तरी क्षमा दिली," ते म्हणाले. "मी येतो."

ते आले. गळ्यातला जरीचा पट्टा सासूबाईंच्या डोक्यावर ठेवला, हात ठेवला आणि हळू आवाजात ग्रीकमध्ये क्षमेचे शब्द म्हटले. सुंदर म्हटले. मी बाजूला उभी राहून कुजबुजत सांगत होते, आई, देव तुम्हाला मोकळं करतो आहे, त्या शपथेचं ओझं उतरलं, आता बोला.

सासूबाईंनी पट्ट्याखालून मान वर केली. पाद्र्यांच्या तोंडाकडे बोट केलं. मग स्वतःच्या कानाकडे. मग हात हलवला, कळलं नाही. मग माझ्याकडे बघितलं, प्रेमानं, पण एखाद्या लबाड पोरीकडे बघावं तसं. मला एकदम समजलं. न कळणाऱ्या भाषेतल्या देवाच्या शब्दांना एकदा त्या हो म्हणाल्या होत्या, आणि त्यात त्यांची वाचा गेली होती. आता तशाच न कळणाऱ्या शब्दांवर विसंबून पांदोचा जीव टांगणीला लावणार? आणि मी सांगतेय ते खरं कशावरून? नातीसाठी आई काय खोटं बोलणार नाही?

पाद्री म्हणाले, तुझ्या बोलीत मला येत असतं तर म्हटलं असतं गं. ते पट्टा गुंडाळत होते आणि घडी काही नीट पडत नव्हती. सासूबाईंनी त्यांचा हात कपाळाला लावला आणि त्यांच्यासाठी सरबत करायला उठल्या.

त्यानंतर माझ्याकडे करण्यासारखं काही राहिलं नाही. वेलिकाचे कपडे धुताना मी ते जास्त वेळ हातात धरी. तिच्या डोक्याचा वास घेत बसे. रानात एकटी असले की मोठ्यानं तिला हाक मारी, वेलिका, वेलिका, आणि फौजदार ऐकेल याची मला पर्वा नव्हती.

निरीक्षक आले ती सकाळ कडाक्याच्या थंडीची होती. आयांना मागच्या बाकांवर बसवलं होतं. निरीक्षक जाडजूड, दमेकरी, सारखे शेगडीकडे सरकणारे. ते एकेका मुलाला नाव विचारत, देशाचं नाव विचारत, आणि मुलं ओरडून सांगत. वेलिकाजवळ आले. नाव? ती उभी राहिली. तिनं त्यांच्या ओठांकडे पाहिलं. देश? पुन्हा तेच. त्यांनी बाईंकडे वळून भुवई उंचावली. बाई म्हणाल्या, लाजते, साहेब. त्यांच्या तोंडून माझा शब्द ऐकून मला भडभडून आलं. निरीक्षक म्हणाले, हिची आई कोण? मी उठले.

बाईंनी घाईघाईनं टाळी वाजवली. मुलांना रोज गोष्ट सांगते साहेब, ऐका तरी, म्हणून त्यांनी एकदम सुरुवात केली. त्यांच्या बेटावरचा एक कोळी, त्याची लहान मुलगी, वादळात निघालेली होडी, मुलगी खडकावर दिवा धरून उभी. बाईंची शाल खाली पडली तरी त्या थांबल्या नाहीत. निरीक्षकांनी थोडं ऐकून घेतलं, मग हात वर केला. पुरे, म्हणाले. बाई मधेच तुटल्या. वर्गात शेगडीच्या जळण्याखेरीज काही ऐकू येईना.

"पण होडी परत आली का?"

ग्रीकमध्ये. स्वच्छ, बाईंच्या बेटावरच्या हेलासकट. वेलिका अजून उभीच होती. सगळ्यांनी आपल्याकडे का पाहिलं ते न कळून ती जरा चिडली.

"सांगा ना बाई. ती वाट बघतेय. होडी आली का?"

निरीक्षक खोकत खोकत हसले. या मुलीला काय झालंय, म्हणाले, ही तर वकील होईल. बाईंनी वेलिकाला उचललं, तिच्या केसांत तोंड लपवलं आणि सांगितलं, आली गं माझी बाई, होडी आली. मी मटकन बाकावर बसले आणि हमसून हमसून रडले. बाईंना वाटलं आनंदानं रडतेय. होताच आनंद. ती माशांच्या भाषेत बोलली असती तरी मी देवाचे आभार मानले असते. माझी मुलगी माझ्याजवळ राहणार होती.

घरी येताना सगळा रस्ता ती बोलत होती. इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं एकदम, बर्फ, बाईंची शाल, कुणी कुणाला चावलं, होडी. सगळं ग्रीकमध्ये. पुलापाशी कुणी नव्हतं तिथे मी वाकून आपल्या बोलीत विचारलं, माझ्या चिमणीला थंडी वाजतेय का? तिला समजलं. ती हसली आणि उत्तर ग्रीकमध्ये दिलं. मी आणखी एकदा विचारलं. आणखी एकदा तसंच.

घरात शिरल्याबरोबर ती धावत आजीकडे गेली. सासूबाई चुलीपाशी शेंगा सोलत होत्या. पोरीचा आवाज ऐकताच त्यांच्या हातातून शेंगा सांडल्या. त्यांनी दोन्ही हात पसरले, वेलिका मांडीत शिरली आणि तिनं गोष्ट सांगायला सुरुवात केली. कोळी कसा होता ते उभं राहून दाखवलं. वादळ दाखवताना रुमाल ओढून घेतला. सासूबाई तिच्या तोंडाकडे अशा बघत होत्या की जणू तिथे भाकरी भाजली जातेय आणि त्या कित्येक दिवसांच्या उपाशी आहेत. एकही शब्द त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता. त्या हसत, पण वादळात हसल्या. मुलगी रडते तिथेही हसल्या.

वेलिका थांबली. तिनं आजीला काहीतरी विचारलं, खडकावर कोण उभं होतं ओळख पाहू, असं काहीतरी, आणि वाट बघत राहिली. सासूबाईंनी तिच्या गालावरून हात फिरवला. वेलिकानं तेच पुन्हा विचारलं, सावकाश, बाई नव्या मुलाला विचारतात तसं. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी चुलीकडे पाहिलं.

वेलिका मांडीवरून उतरली. माझ्याजवळ येऊन तिनं माझा झगा ओढला आणि आजीला ऐकू जाऊ नये म्हणून, वाईट वाटेल म्हणून, माझ्या कानाशी तोंड आणून ग्रीकमध्ये हळूच विचारलं,

"आई, आजी कुठल्या देशाची आहे?"